नेरळेजड्डीचा शिक्का जपण्याबाबत

शिरसीच्या तिकीट संग्राहक संघाची तातडीची सभा एका गंभीर प्रश्नावर बोलावण्यात आली. सुब्राय हेगडे यांच्या सहाशे बारा पाकिटांवरची तिकिटं कोमट पाण्यात सोडवावीत, की शिक्क्यासकट तशीच ठेवावीत? तिकीट पाच रुपयांचं, घरोघरी सापडणारं. संघात त्याला कुत्रंही विचारत नसे. पण प्रत्येकावर नेरळेजड्डीच्या पोस्टाचा गोल शिक्का होता, कारण सुब्रायची थोरली बहीण गंगक्का तिथूनच पत्रं टाकत असे. पंचवीस वर्षं, दर पंधरा दिवसांनी एक. गावात फोनला रेंज नव्हती आणि अक्काला सांगण्यासारखं पुष्कळ होतं.

सुब्रायची हयात सुपारी सोसायटीत मालाची प्रतवारी करण्यात गेली होती. पाकिटं त्याने तारीखवार लावली होती, आणि मरण्यापूर्वी हुबळीच्या प्रदर्शनात आपल्या संग्रहाची काचेची एक चौकट लागावी एवढीच त्याची इच्छा होती. सुटी केलेली पाच रुपयांची तिकिटं तिथे दारातूनच परत पाठवतात. तेव्हा सगळी मदार शिक्क्यावर.

चिटणीस शानभागांनी चष्मा लावून नियम चौदा वाचला. चालू पोस्टाचा शिक्का सामान्य समजून तिकीट सोडवावे. बंद पडलेल्या पोस्टाचा शिक्का दुर्मीळ समजून पाकिटासह जपावा.

"हे पोस्ट चालू आहे की बंद?" त्यांनी विचारलं.

"चालू आहे," सुब्राय अपराधी चेहऱ्याने म्हणाला.

"अरेरे," शानभाग म्हणाले, आणि सभेने दुःख व्यक्त केलं.

निर्णय राखून ठेवण्यात आला. सदर पोस्ट नजीकच्या काळात बंद पडण्याचा संभव आहे काय, अशी विचारणा सुब्रायने पोस्टाच्या वरिष्ठ कार्यालयाकडे करावी, असं ठरलं. त्याने केली. उत्तर चक्क दोन महिन्यांत आलं. असा कोणताही प्रस्ताव नाही. तथापि आपल्या विचारणेच्या अनुषंगाने प्रस्ताव तयार करण्यात येत आहे, आपण लक्ष वेधल्याबद्दल आभार. पाठोपाठ कळलं की पुढचा महिनाभर नेरळेजड्डीत टाकली जाणारी पत्रं मोजणार आहेत. एकही निघालं, तर पोस्ट राहील.

आता तिथून पत्रं टाकणारं माणूस एकच होतं, हे सुब्रायइतकं कुणाला ठाऊक? शानभाग मुद्दाम घरी आले, दोन पेले धणे-जिऱ्याचं कषाय प्यायले, आणि सहज विचारल्यासारखं करून म्हणाले, "अक्कांनी महिनाभर दम धरला तर?"

"पण पोस्टच बंद पडलं, तर तिची पत्रं यायची कशी?"

"पत्रांचं काय हो, हेगडे, ती येतच असतात. शिक्का एकदा हातचा गेला की गेला."

सुब्रायला दोन दिवस जेवण गोड लागलं नाही. तिसऱ्या दिवशी त्याने अक्काला लिहिलं, की महिनाभर पत्र टाकू नकोस, कारण मागाहून सांगतो. अक्काने महिनाभर खरंच पत्र टाकलं नाही. का म्हणूनही विचारलं नाही. विचारायला पत्रच टाकावं लागलं असतं. धाकट्या भावाच्या शब्दाला एवढा मान देणारी बहीण लाभली म्हणून त्याला भरून आलं. मोजणीत शून्य भरलं आणि पोस्ट बंद करण्याचा हुकूम निघाला.

शेवटच्या दिवशी अक्काने एक पत्र टाकलं. शिक्का इतका स्वच्छ की शानभागांच्या डोळ्यांत पाणी आलं. सुब्रायने सवयीने चाकू घेतला, तोच त्यांनी त्याचं मनगट धरलं. अखेरच्या दिवसाचं पाकीट न उघडलेलं असेल, तर जादा गुण असतात.

हुबळीत चौकट लागली. बाकीच्या पाकिटांतली पत्रं काढून पोत्यात भरली होती, कारण आत कागद असला की पाकीट फुगतं. सुवर्णपदक जाहीर झालं. अक्का दोन बस बदलून, भावासाठी अप्पेमिडीच्या कोवळ्या कैऱ्यांच्या लोणच्याची बरणी घेऊन आली होती. आपलं अक्षर काचेआड ओळीने पाहून ती आधी हरखली.

"तम्मा, ते शेवटचं वाचलंस का?" तिने विचारलं.

"पदक गेलं असतं, अक्का."

"बरं, मग तोंडी सांगते."

शानभाग घाईने मध्ये पडले. "आता नको, बाई. मजकूर कळला, की पाकीट उघडलं असं धरतात."

सुब्रायचे कान शरमेने तापले. पण परीक्षक चार हातांवर उभे होते, आणि तो चौकटीची काच पुसू लागला. अक्काने एकदा त्याच्याकडे पाहिलं, बरणी त्याच्या हातात दिली आणि बसची वेळ झाली म्हणून निघून गेली.

त्या दिवशी अभिप्रायाच्या वहीत एकशे त्रेचाळीस जणांनी लिहिलं, की हा वारसा जपला पाहिजे. एकाने तक्रार केली, की एक म्हातारी मध्येच उभी राहिल्यामुळे शिक्क्याचा फोटो नीट आला नाही. पत्रात काय आहे, हे मात्र कुणीच विचारलं नाही. तुम्ही आता विचाराल म्हणा. पण खरं सांगा, इथवर वाचताना तुम्हीही पदक मिळतं की नाही, तेवढंच बघत होतात ना?