सिद्रामअण्णांनी सोडवलेल्या गाड्या

सिद्रामअण्णा गाडीच्या वायरिंगला हात लावण्याआधी परवानगी मागतात. मालकाची नव्हे, कपलरची. वायरींची टोकं जोडणारा तो प्लॅस्टिकचा चौकोनी तुकडा ते तोंडाजवळ नेतात, "येऊ का आत?" म्हणतात आणि थांबतात. कधीकधी हातातली सुई परत खिशात ठेवून गिऱ्हाइकाला सांगतात, आज नको म्हनतीय गाडी. गिऱ्हाईक बिचारं चहा पिऊन दुसऱ्या दिवशी येतं.

अक्कलकोट रोडला त्यांच्या दुकानाला लागूनच माझं शिवणकामाचं दुकान. त्यामुळे हा सगळा तमाशा मला मशीनवर बसल्याबसल्या फुकटात दिसतो. कपलरमधली पिन निघेना की बाकीचे कारागीर पक्कड लावून ओढतात, नाहीतर सरळ वायर कापून टेप गुंडाळतात. अण्णा छत्रीची काडी घासून केलेली सुई आत सारतात, पिनेला अडवणारी बारीक जीभ दाबतात आणि पिन आपणहून हातात येते. "ओढून कोन निगत न्हाय," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. मी माझ्या नवऱ्याला चहाच्या टपरीवरून ओढून उठवत होते, तेव्हाही त्यांनी मला हेच ऐकवलं होतं.

इथवर गंमत. पण माणूस गेलेली अपघातातली गाडी तोडायला निघाली, की भंगारवाले ती आधी अण्णांकडे आणतात. अण्णा तिची एकेक पिन सोडवतात. भंगाराचे एवढे लाड कशाला, असं मी एकदा चेष्टेनं विचारलं.

"मानूस गेल्यावर कमरंचा करगोटा तोडतेत की," ते म्हणाले. "गाडीचं कोन करायचं? जीव वायरीत अडकून बसतोय."

मी हसले. तेव्हा समोर एक चेपलेली टॅक्सी होती, बॅटरी काढून बाजूला ठेवलेली. अण्णांनी वायपरची पिन काढली आणि वायपर तडकलेल्या काचेवरून एकदा फिरला. अगदी सावकाश. अण्णांनी नुसती मान हलवली आणि पुढची पिन धरली. मी त्या दिवशी एका झंपराला बाही उलटी जोडली.

एवढ्या गाड्या सोडवल्या, एक मात्र तशीच ठेवली होती. त्यांचा मुलगा मल्लू जीपमध्ये प्रवासी भरून मैंदर्गीला वडाप मारायचा. ज्या जीपच्या अपघातात तो गेला, ती घराशेजारच्या मोकळ्या जागेत ताडपत्रीखाली उभी होती. दिवेलागणीला अण्णा बॅटरी जोडून तिचा हॉर्न वाजवायचे. मल्लू गल्लीच्या तोंडाशी वाजवायचा तसाच, दोनदा. तो ऐकला की त्यांची बायको गुरव्वा तवा ठेवायची. पोरगा गेल्यापासून तिचं भान सुटलं होतं. हॉर्न वाजला नाही तर ती घास तोंडात घेत नसे.

गेल्या महिन्यात मालकानं ती जागा विकली आणि जीप हलवणं भाग पडलं. हॉर्न तेवढा काढून ठेवा, मी सुचवलं. अण्णा म्हणाले, "मग मल्लू बी हितंच अडकंल की."

सकाळपासून ते पिना सोडवत बसले. हॉर्नची शेवटी राहिली. तिच्यासाठी त्यांनी मला कपलर धरायला बोलावलं. "येऊ का आत, मल्लू?" बराच वेळ थांबले. मग पिन निघाली. त्यांचे डोळे कोरडेच होते, माझेच भरून आले. दुपारी भंगारवाला जीप घेऊन गेला.

दिवेलागणीला आम्ही अण्णांच्या ओट्यावर बसलो, गुरव्वा उंबऱ्यात. अण्णा तिच्याकडे बघायचं टाळत होते. ही बाई आज उपाशी राहणार, या भीतीनं मी घरून पिठलं करून आणलं होतं.

गुरव्वा एकाएकी उठली. "आला बगा," म्हणाली आणि आत जाऊन तवा ठेवला.

अण्णांनी माझ्याकडे पाहिलं. "तुमाला आयकू आला, ताई?"

मी हो म्हणाले. खोटं बोलायची वेळच आली नाही. गल्लीच्या तोंडाशी, दोनदा, स्पष्ट वाजला होता.

आत भाकरी थापल्याचा आवाज सुरू झाला. अण्णा गल्लीकडे कान लावून बसून राहिले.

"मग मलाच कसा आला न्हाय?"