ऑर्विलने मैदान वाळवलं

शेवटच्या सामन्याच्या दिवशी सकाळी संघाचा मॅनेजर एमेट क्राउझ अवजारांच्या खोलीत आला आणि आल्याबरोबर त्याने दार लावून घेतलं. एल्मडेलच्या बेसबॉल मैदानाची बावीस वर्षं निगा राखणारा ऑर्विल टेश तिथे फावडं पुसत होता. काहीतरी भलतं मागणं येणार, हे त्याला दार लागतानाच कळलं.

"पहिल्या बेसजवळ जरा पाणी मार," क्राउझ म्हणाला.

"काल मारलंय."

"अजून मार. बार्टनची पोरं वाऱ्यासारखी पळतात. आपला पिचर चेंडू टाकायला हात उचलतो न उचलतो तोच दुसऱ्या बेसवर जाऊन बसतात. पाय जरा रुतले की जागेवर राहतील."

"हे बरं नव्हे, एमेट."

"मी कुठे चिखल कर म्हणतोय? नुसता ओलावा."

एप्रिलपासून सव्वाशे सामने होत आले होते आणि एल्मडेलचा संघ तक्त्यात बार्टनच्या जेमतेम अर्धा सामना पुढे होता. आज जिंकले तर लीगचा झेंडा एल्मडेलचा, हरले तर बार्टनचा. ऑर्विलने नाखुशीने नळ सोडला. दहा मिनिटांनी बंद करायला गेला, तर नळाचं चाक त्याच्या हातात आलं.

गावाकडून येणारं पाणी तोडायची किल्ली पाणीखात्याच्या हार्लनकडे होती आणि हार्लन चर्चमध्ये गात होता. ऑर्विल मागच्या बाकाशी उभा राहून त्याला खुणा करू लागला. हार्लनने मान हलवून नमस्कार केला आणि उरलेली चारही कडवी मन लावून म्हटली.

पाणी बंद झालं तेव्हा पहिला बेस दिसत नव्हता. दुसऱ्याजवळ एक बदक पोहत होतं.

दुपारी पंच आले. त्यांनी बूट काढून आत दोन पावलं टाकली आणि परत आले. "तीनपर्यंत वाळलं तर खेळू. नाही तर सामना रद्द. मोसम आज संपतो, त्यामुळे तक्ता आहे तसाच राहील."

म्हणजे झेंडा एल्मडेलचा. बातमी पसरली आणि लोक ऑर्विलच्या पाठीवर थापा मारू लागले. बार्टनचा मॅनेजर प्रुइट मात्र शांतपणे म्हणाला, "बावीस वर्षांत नळ नेमका आजच बिघडला, नाही का?"

ते ऑर्विलला लागलं. त्याच्या मैदानाला आजवर कुणी नावं ठेवली नव्हती. तो लाकूड कापायच्या गिरणीवर गेला आणि पाणी शोषायला गाडीभर भुसा घेऊन आला.

"अरे, दमला असशील," गावचा न्हावी म्हणाला. "बस जरा. सरबत पी."

"सावकाश घे," क्राउझ कानाशी कुजबुजला. "पाठीला जप."

एक फावडं दिसेनासं झालं. मग दुसरंही. ऑर्विल ताटलीने भुसा पसरू लागला.

तेवढ्यात त्याची बायको व्हर्ना आली. मोसमातला एकही सामना न चुकवणारी बाई ती. चर्चचे कपडे अजून अंगावर होते.

"मुद्दाम केलंस?" तिने विचारलं.

"नाही. थोडं पाणी मुद्दाम मारलं. तळं आपोआप झालं."

व्हर्नाने टोपी काढून कुंपणाला अडकवली. "ती बादली दे इकडे."

दोघांना राबताना बघून बार्टनचे खेळाडूही मैदानात उतरले. त्यांनी पोती पिळली, चिखल उपसला, बदकाला हाकललं. एल्मडेलचे खेळाडू सावलीत बसून बघत होते. त्यांच्यातला एक जण मदतीला उठला, तर क्राउझने त्याला खाली बसवलं.

तीनला पाच कमी असताना पंचांनी टाच आपटून पाहिली. जमीन टणक लागली.

सामना चुरशीचा झाला. नवव्या, म्हणजे शेवटच्या डावापर्यंत दोन्ही संघांच्या दोन-दोन धावा होत्या. मग बार्टनचा एक काटकुळा गडी पहिल्या बेसवर पोचला, चेंडू टाकला जात असतानाच धावून दुसरा त्याने चोरला, तिसराही चोरला आणि पुढच्या फटक्यावर घरच्या बेसवर येऊन धाव पूर्ण केली. पळताना त्याचा पाय एकदाही घसरला नाही. एल्मडेलला काही ती धाव फेडता आली नाही. झेंडा बार्टनला गेला.

एल्मडेलचे प्रेक्षक मुकाट्याने उठले. बार्टनच्या खेळाडूंनी आधी प्रुइटला खांद्यावर घेतलं. प्रुइटने कुंपणाशी उभ्या ऑर्विलकडे बोट दाखवलं. ऑर्विलला काय चाललंय ते कळायच्या आत तो सगळ्यांच्या वर होता, आणि मैदानाला फेरी सुरू झाली होती.

सोमवारच्या पेपरात पहिल्याच पानावर त्या फेरीचा फोटो आला. व्हर्नाने पेपर खिडकीशी नेऊन नीट पाहिला.

"झालं ते झालं," ती म्हणाली. "पण निदान हसायचं तरी नव्हतंस."

"हसत नव्हतो गं," ऑर्विल म्हणाला. "त्या काटकुळ्याच्या खांद्याचं हाड टोचत होतं."