धोंडाबाई टिटवीचं घरकुल

एका जंगलात, बाळांनो, सगळ्यांनाच राहायला जागा होती असं नाही. तुम्ही म्हणाल, जंगल तर केवढं मोकळं, तिथं जागेला काय तोटा? तिथल्या राजालाही बरेच दिवस तसंच वाटत होतं.

जंगलाच्या कडेला एक माळ होता. त्यावर धोंडाबाई नावाची टिटवी नवऱ्यासोबत राहायची. राहायची म्हणजे काय, चार खडे बाजूला सारायचे आणि तिथंच उघड्यावर अंडी घालायची. टिटव्यांची रीतच तशी. अंडीही दिसायला खड्यांसारखीच. त्यामुळे ती कोल्ह्याला सापडत नसत, पण गव्यांनाही दिसत नसत. गव्यांचा कळप रोज त्याच वाटेनं पाण्याला जायचा आणि दरवर्षी कुणाचा तरी पाय पडायचाच. गवे काही वाईट नव्हते हो. पाय पडला की हळहळायचे आणि पाण्याला जायचे. पण धोंडाबाईचं एकही पिल्लू आजवर आभाळात गेलं नव्हतं, आणि त्या दुःखानं ती पार खंगली होती.

अशात वाघमहाराजांनी जाहीर केलं, की आपल्या राज्यात आता गरिबातला गरीबही बेघर राहणार नाही. घरकुल खातं होतं हुप्पेसाहेबांकडे. हे जातीनं वानर. धोंडाबाई त्यांच्या फांदीखाली जाऊन उभी राहिली.

"साहेब, घर नको मला. तेवढी गव्यांची वाट पलीकडून वळवा. माझी अंडी वाचतील."

साहेबांनी डोकं खाजवलं. वाट वळवायची योजनाच नव्हती, योजना होती घराची. शिवाय वाट वळवली की गवे नाराज होणार, आणि एवढ्या धिप्पाड जनावरांची नाराजी कोण ओढवून घेणार? त्यांनी तिला समजावलं, की बाई, आयतं घर मिळतंय, उगाच फाटे फोडू नका.

आता घर कसं असावं हे ठरवायला समिती बसली. समितीत हुप्पेसाहेब, एक खार आणि एक घुबड. तिघंही झाडावरचे. घर म्हणजे झाडावर, यात विचारण्यासारखं काय आहे, असं तिघांनाही वाटलं. काम मिळालं सुतारपक्ष्याला. त्याला ढोलीशिवाय दुसरं काही येत नव्हतं, पण ढोली मात्र झकास कोरायचा. निम्मा भार राजाचा, निम्मा लाभार्थीचा. धोंडाबाई आणि तिचा नवरा हिवाळाभर पोटाला चिमटा घेऊन आपल्या वाट्याचे किडे सुताराला पोचवत राहिले. हळूहळू तिलाही वाटायला लागलं, की साहेब शिकलेले आहेत, काहीतरी विचार केलाच असेल.

ताब्याचा दिवस उजाडला. सावरीच्या पार शेंड्याला ढोली, ढोलीला तोरण. खाली खडकावर महाराज, भोवती प्रजा. धोंडाबाई उडाली आणि ढोलीच्या तोंडाशी बसायला गेली.

टिटवीच्या पायाला मागचं बोट नसतं, मुलांनो. फांदी धरायची कशानं? ती घसरली. पुन्हा गेली, पुन्हा घसरली. घाबरून टिवटिवत त्या दाराभोवती घिरट्या घालत राहिली. लोकांनी टाळ्या पिटल्या. हुप्पेसाहेब महाराजांच्या कानात म्हणाले, की बाईला आनंद आवरेना झालाय. महाराजांचे डोळे भरून आले.

"खाली ये गं," नवरा म्हणाला. "पडशील."

ती खाली आली आणि झाडाच्या बुंध्याशी बसून रडली. अंडी घालायचे दिवस तोंडावर आले होते. ढोली रिकामी कशी ठेवायची, म्हणून समितीतल्या घुबडाचा मेव्हणा तिथं राहायला गेला. राखणीला म्हणे.

एवढी मोठी योजना पार पडली, मग पाटी नको? माळाच्या मधोमध पाटी उभी राहिली. तिच्यावर महाराजांचं हसरं चित्र. दुसऱ्याच दिवशी एका गव्यानं तिला पाठ घासली आणि महाराज तिरपे झाले. झालं, खात्याची गाळण उडाली. दिवस मावळायच्या आत पाटीभोवती बोरीच्या काट्यांचं भक्कम कुंपण पडलं आणि गव्यांची वाट थेट ओढ्यापलीकडून वळली. गवे नाराज झाले का? कुणी विचारलं त्यांना?

धोंडाबाईनं कुंपणाच्या आत चार खडे बाजूला सारले. त्या वर्षी तिची सगळी पिल्लं महाराजांच्या मिशीखाली वाढली आणि माळावरून उडाली. ती त्यांच्यामागे ओरडत, हसत, वेड्यासारखी उडत राहिली.

हुप्पेसाहेबांनी वर कळवलं, की लाभार्थी सुखात आहे. ते खोटं होतं असं कुणी म्हणावं?

पुढच्या मोसमात लावे, चंडोल, धाविक असे जमिनीवरचे झाडून सगळे पक्षी दरबारात हजर झाले.

"महाराज," धोंडाबाई सगळ्यांच्या वतीनं म्हणाली, "आम्हाला घरं नकोत. आमच्याकडे आपली एकेक पाटी लावा."

प्रजेचं हे प्रेम पाहून महाराजांना हुंदका आवरला नाही.

तात्पर्य: राजा घर कुठं देतो, इकडे गरिबानं बघत बसू नये. राजा आपलं चित्र कुठं लावतो त्यावर नजर ठेवावी आणि वेळेत बिऱ्हाड हलवावं.