"तुमच्यात तार म्हंजे काय जी?"

पाकाच्या कढईत बोट घालून पोळून घेणारा सरकारी माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. आमचे तारबाबू! बोट तोंडात, डोळ्यांत पाणी, तरी हलवायाला प्रश्न तोच, "तुमच्यात तार म्हंजे काय जी?"

"पाक दोन बोटांत धरून ताणला का निघते ते," हलवाई म्हणाला. बाबूंनी खिशातली वही काढून लिहून घेतलं. मग आमच्या शाळेत टकळीच्या तासाला येऊन बसले. चार फूट सूत म्हणजे एक तार, हे कळल्यावर पोरांपेक्षा यांनाच आनंद! भजनीबुवा म्हणाले, "देवाशी तार लागली का मानूस घरदार इसरते." तेही वहीत गेलं.

मी चिडवायचो, "बाबूजी, पेन्शनीत ग्रंथ छापता का काय?"

"मास्तर, तार म्हंजे निस्तं रडनं नोहे. एवढं लिहून ठेवतो."

त्यांचंही खरंच होतं. पुलगावच्या तारघरात ते तारा उतरवून घेत, आणि आमच्या नाचणगावची असली की संध्याकाळी घरी येताना स्वतःच पोचवत. पण गावात तार म्हणजे कोणीतरी गेलं, हे ठरलेलं. बाबू वेशीवरच्या लिंबाखालूनच ओरडत, "खुशीची हाये, खुशीची!" तोवर बायांनी गळा काढलेला असे. एकदा तर नातू झाल्याच्या तारेवर शेजारून दुखवट्याची पिठलं-भाकर आली! लग्नकार्याला, पूजेला बाबूंना कोणी बोलवत नसे. अपशकुनी म्हणे! बायको जाऊन वर्षं झालेली, एकटा माणूस. मास्तर असून मलाही कधी सुचलं नाही, याची आज लाज वाटते.

मग माझ्या धाकट्या भावाला रायपूरला नोकरी लागली. बाबू तार घेऊन आले आणि आईनं रीतीप्रमाणे हंबरडा फोडला. मी वाचून दाखवली तेव्हा कुठे थांबली. बाबू तोवर मान खाली घालून परत निघाले होते. आई भलतीच ओशाळली.

दुसऱ्या दिवशी हातात कुंकू-अक्षता घेऊन म्हणाली, "बाबूले बोलवाले मीच जातो." मी मागोमाग गेलो.

बाबूंनी दार उघडलं. अक्षता त्यांना दिसल्याच नाहीत. तोंड पांढरंफटक पडलं. चौकट धरून म्हणाले, "वैनी, कोन गेलं?"

"कोनी नाई गेलं जी. उद्या सत्यनारायन हाये. तुमी येजा."

"मले बोलवून राह्यल्या?"

"तुमालेच. अन् जेवल्याबिगर जाऊ नका."

बाबू उंबऱ्यावरच बसले आणि हमसून हमसून रडायला लागले. आई डोईवरचा पदर सारखा करून त्यांच्यापाशीच बसून राहिली.