माझ्या जबड्यातलं सासऱ्यांचं हाड

माणसाची मतं उसनी असू शकतात, विनोद ऐकीव असू शकतात; पण अंगातली हाडं तरी त्याची स्वतःची असतात, असं मी पन्नास वर्षं मानत आलो. हा विश्वास एका मंगळवारी, दातांच्या डॉक्टरांच्या खुर्चीत, तोंड उघडं असताना गेला.

उजवीकडची खालची दाढ मी आठ वर्षांपूर्वी काढली होती आणि विसरलो होतो. आता तिथे नवी बसवायची म्हटलं, तर डॉक्टरबाई एक्स-रे उजेडाकडे धरून म्हणाल्या, "स्क्रू बसवायला इथे हाडच उरलं नाहीये. दाढ गेली की खालचं हाड झिजतं. आधी हाड भरू."

"कुणाचं?"

"दात्याचं. तपासून, निर्जंतुक करून, पावडर होऊन बाटलीत येतं. तो नुसता मांडव समजा. वेल तुमचाच, त्यावर चढेल. चार महिन्यांत तुमचं हाड तयार झालं की मग स्क्रू."

"पण दाता कोण?"

"ते आम्हालाही सांगत नाहीत. आ करा."

आता योगायोग असा, की त्याच इमारतीत, तिसऱ्या मजल्यावर, दहाच दिवसांपूर्वी माझ्या सासऱ्यांचा खुबा बदलला होता. सासरे एका कारखान्याच्या भांडाराचे तीस वर्षं प्रमुख होते. 'कुठे लावणार?' असं विचारल्याशिवाय त्यांनी साधा नटसुद्धा कुणाला दिला नाही. शुद्धीवर आल्यावर त्यांचा पहिला प्रश्न पायाबद्दल नव्हता. "जुना भाग कुठाय?" त्यांनी विचारलं. सर्जन बिचारे सरळ मनाचे. त्यांनी सांगितलं, की मांडीच्या हाडाचा वरचा गोळा काढलाय. असे गोळे हाडांच्या बँकेत जातात आणि पुढे कुणाच्या पायात, कुणाच्या जबड्यात, लागेल तिथे भरतात.

मग सासरे आमच्या घरी आले, पलंगावर आडवे झाले आणि उठेनात. व्यायाम शिकवणारी बाई रोज वॉकर पुढे करायची, हे रोज डोळे मिटायचे. "आता चालत जायचंय कुठे?" म्हणायचे. दोन महिन्यांत चालले नाहीत तर पुढे चालणं अवघड, असं सर्जननी बजावलेलं. बायको काळजीने अर्धी झाली होती.

अशा घरात मी गाल सुजवून आलो.

"काय भरलं?" सासऱ्यांनी पडल्यापडल्या विचारलं.

"हाडाची पावडर, बाबा."

"कुणाची?"

"सांगत नाहीत."

ते माझ्या गालाकडे बघत राहिले. हरवलेली पेटी दुसऱ्याच्या गोदामात दिसावी, तसे. मग शांतपणे म्हणाले, "माझी आहे ती."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी टोस्ट उचलला, तोच मागून खटखट आवाज आला. वॉकर. पलंगापासून टेबलापर्यंत, अकरा दिवसांत पहिल्यांदाच.

"टोस्ट, जावईबापू? त्या बाजूने?"

"दुसऱ्या बाजूने, बाबा."

"घास सरकतो तिकडे. ठेवा खाली."

बायकोने मला बाल्कनीत ओढलं. तिचे डोळे भरले होते. "एक शब्द बोलू नकोस. चालले ते."

"अगं, पण ते त्यांचं हाड कसं असेल?"

"नसेल कशावरून?"

दात्याचं नाव कुणी सांगतच नाही, खरी अडचण हीच होती.

पुढचे चार महिने मी सूप पिऊन काढले. शेंगदाण्याचा डबा उघडला की सासरे हजर. वॉकरची काठी झाली. वाद घालायला गेलो की, "माझ्याच हाडाच्या जोरावर मला उलट बोलता?" आलेल्या-गेलेल्याला ते माझं तोंड उघडून दाखवू लागले. "उजवीकडे, खाली. आमच्या घराण्यात हाडं मजबूत." मेहुण्याचा फोन आला, "दाजी, बाबांचा काही भाग तुमच्या ताब्यात असल्याचं कळलं. जपा. निम्मा माझा आहे."

सगळ्यात वाईट म्हणजे मलाच काही कळेनासं झालं. ऑफिसात एकदा रिकाम्या खोलीतला पंखा बंद करताना मी "कोण बसलं होतं इथे?" असं खेकसलो, तेही हुबेहूब त्यांच्या आवाजात. सासऱ्यांबद्दल मनात वाईट विचार आला की जबडा ठणकायचा. आता हा विचार नक्की कोण करतंय आणि कुणाविरुद्ध, याचा मला अंदाज येईना.

स्क्रू बसवायच्या दिवशी सासरे स्वतः आले. दोन गल्ल्या आणि नऊ पायऱ्या, काठी टेकत. डॉक्टरबाई म्हणाल्या, "हाड सुरेख धरलंय." सासऱ्यांनी मान तुकवून ती स्तुती स्वीकारली. तेवढ्यात उघड्या फाईलकडे माझं लक्ष गेलं. बाटलीवरची चिठ्ठी तिथे चिकटवलेली होती. बाटली भरल्याची तारीख दोन वर्षांपूर्वीची होती.

मी चिठ्ठीवर तळहात ठेवला आणि स्क्रू पूर्ण बसेपर्यंत उचलला नाही. हे त्यांना कळलं असतं तर माणूस परत पलंगावर गेला असता.

घरी आल्यावर मी बायकोला स्वयंपाकघरात गाठलं आणि बधिर तोंडाने, जमेल तसं कुजबुजलो, "ते बाबांचं हाड नाही. बाटली दोन वर्षं जुनी आहे."

"माहितीये," ती बटाटे सोलत म्हणाली.

"कसं काय?"

"ऑपरेशनच्या आधीचा फॉर्म मीच भरला. काढलेलं हाड बँकेला द्याल का, असं विचारलं होतं. बाबांनी 'नाही' लिहायला लावलं."

बाहेर सासरे काठी न घेता फेऱ्या मारत होते.

"म्हणजे हे बाबांना पहिल्यापासून..."

"सही त्यांचीच आहे," बायको म्हणाली.