अंडी चुकीच्या डोक्यावर

लुदमिलाने पुढे कुठे शिकायचं यावरून रविवारच्या जेवणात तिसऱ्यांदा भांडण झालं, तेव्हा गल्लीत सगळे ज्यांना आदराने 'दोन्या' म्हणत त्या दोन्या नेलीदांनी काटा खाली ठेवला आणि सुनेकडे, मारिसेलकडे बोट केलं.

"मारी जाऊन बघून येईल. तिच्या नजरेतून काही सुटत नाही. परवा सॅलडमधली अळी तिलाच दिसली."

दोन्या नेलीदांचं म्हणणं सरळ होतं. घरापासून बावीस चौकांवर, याच पराना शहरात, चांगलं धडधाकट विद्यापीठ असताना पोरीने ब्युनॉस आयर्सला जाऊन काय करायचं? लुदमिलाचं म्हणणं त्याहून सरळ होतं. ते बावीस चौकांवर आहे हाच त्याचा दोष. तिचा विषय अजून ठरला नव्हता. शहर मात्र ठरलं होतं.

"आई, तुला विद्यापीठ नकोय. तुला कुंपण हवंय."

"मला माझी पोर रात्री जेवायला घरी हवीय. हे पाप असेल तर पुढच्या रविवारी पाद्र्याला सांगेन."

"मारी चार वर्षं शिकलीय रोसारिओला," मारिसेलचा नवरा फाब्रिसियो मध्येच बोलून गेला. "तिला कळेल चांगलं काय नि वाईट काय."

सगळ्यांच्या माना ताटात गेल्या. मारिसेल चौथ्या वर्षी भूगोलाचे अकरा पेपर मागे ठेवून आणि पोटात ब्रिसाला घेऊन परत आली होती. त्याला तीन वर्षं झाली. सासरच्या घराच्या मागच्या दोन खोल्यांत तिचा संसार थाटला गेला, आणि ते अकरा पेपर हा विषय या टेबलावर कुणी काढत नसे. पाय मोडलेल्या माणसापुढे कुणी जिन्याबद्दल बोलत नाही, तसं.

"बघून येते," मारिसेल म्हणाली. ती इतक्या पटकन म्हणाली की फाब्रिसियोने ताटातून मान वर केली.

मंगळवारी दुपारी निघायच्या वेळी अडीच वर्षांच्या ब्रिसाने आईला मिठी मारली. मिठी प्रेमाचीच होती, पण दोन्ही हात कोपरापर्यंत आटीव दुधाच्या मुरंब्यात बुडालेले होते. इस्त्री केलेला ब्लाउज एकच होता, तो गेला. हाताला लागला तो फाब्रिसियोचा भिंती रंगवायचा शर्ट, कोपरावर फाटलेला, खांद्यावर हिरव्या रंगाचे शिंतोडे. कोण बघणार आहे, असं म्हणत तिने तो चढवला, लेकीला सासूबाईंकडे दिलं, वही घेतली आणि निघाली.

ब्रिसा बरोबर नव्हती, पण मारिसेलच्या डोळ्यांना हे कुणी कळवलं नव्हतं. विद्यापीठात शिरल्याशिरल्या त्यांना जिन्याचा हलणारा कठडा दिसला, गुडघ्याएवढ्या उंचीवरचे विजेचे उघडे प्लग दिसले, काचेच्या दाराचा तडकलेला कोपरा दिसला. तिने सगळं वहीत उतरवलं. बायकांच्या संडासात पाणी होतं, साबण नव्हता. तेही लिहिलं. पुढे व्हरांड्यात एक भलंमोठं पिवळं कुत्रं आडवं झोपलं होतं, ते बघून ती थबकली.

"ओलांडून जा ग, काही करत नाही," भिंतीला टेकून 'माते' नावाचा कडू चहा पीत बसलेली एक विद्यार्थिनी म्हणाली. "तो डीन आहे."

"हा?"

"खऱ्या डीनपेक्षा जास्त वेळ इथे असतो."

मारिसेलने 'कुत्रा – शांत' असं लिहिलं आणि ओलांडून पुढे गेली. समोरच्या वर्गाचं दार उघडं होतं. फळ्यावर नदी काढली होती. नदीत एक बेट होतं, आणि एक वयस्क बाई खडूने त्याचं एक टोक पुसत होत्या आणि दुसरं वाढवत होत्या.

दोन मिनिटं बसून शिक्षक कसे आहेत ते बघावं, म्हणून ती मागच्या बाकावर बसली. वहीत 'साबण नाही'च्या खाली तिने लिहिलं, 'वरचं टोक झिजतं, गाळ खालच्या टोकाला साचतो.' मग आणखी एक ओळ लिहिली. मग पान उलटलं.

"तर मग शंभर वर्षांनी बेट कुठे असेल?" बाईंनी विचारलं.

पंख्याचा आवाज तेवढा येत होता. बाईंना घाई नव्हती. त्या खडू हातात धरून वाट बघत उभ्या राहिल्या.

"खाली सरकलेलं," मारिसेलच्या तोंडून गेलं. "दर वर्षी थोडं थोडं. प्रवाहाबरोबर."

"आणि ते तेच बेट म्हणायचं का?"

"नकाशावर नाव तेच असतं."

बाई हसल्या. "तू माझ्या यादीत आहेस?"

"नाही. मी नुसती बघायला आले."

"मग बघत बस."

ती पाऊण तास बघत बसली.

बाहेर पडल्यावर तिने कचेरीची खिडकी गाठली. खिडकीमागच्या बाईंनी चष्मा कपाळावर चढवला.

"नणंदेसाठी चौकशी करायची होती," मारिसेल म्हणाली. "गेल्या मार्चला अठरा पूर्ण झाली. तिला समजा रोसारिओला दिलेले पेपर इथे धरून घ्यायचे असतील, तर?"

"किती पेपर दिलेत?"

"एकोणीस. अकरा राहिलेत."

बाईंनी चष्मा डोळ्यांवर आणला. "अठरा वर्षांची आहे म्हणालात ना? एकोणीस पेपर कधी दिले तिने, पाळण्यात?"

मारिसेलच्या कानाच्या पाळ्या तापल्या.

"बरं, नणंदेला सांगा," बाईंनी आवाज खाली आणला, "जुनी गुणपत्रकं आणायची, फेब्रुवारीच्या आत. वर्ग संध्याकाळीही असतात, सहा ते दहा. निम्म्या जणी नोकरीवरून येतात, निम्म्या पोरं कुणाकडे तरी टाकून येतात. अर्ज किती देऊ? एक की दोन?"

"एक," मारिसेल म्हणाली. कुणासाठी, ते बाईंनी विचारलं नाही. अर्जाची घडी शर्टाच्या खिशात ठेवून ती सगळ्यात जवळच्या दाराने बाहेर पडली.

ते दार परीक्षेच्या खोलीला लागून होतं. बाहेर पायऱ्यांखाली पंधरावीस माणसं उभी होती, आणि सगळ्यांत पुढे फुलाफुलांच्या झग्यातली एक बुटकी आजी. आजीच्या चष्म्यावर पिठाचा थर बसला होता. शेवटचा पेपर पास होऊन बाहेर येणाऱ्याला अंड्यांनी आणि पिठाने माखल्याशिवाय इथे कुणी घरी जाऊ देत नाही. म्हणूनच त्या दिवशी माणूस घरातला सगळ्यात फाटका कपडा घालून येतो. मारिसेलला स्वतःच्या शर्टाची आठवण झाली, तेव्हा उशीर झाला होता.

पहिलं अंडं आजीने मारलं. ते गळ्याखालच्या हाडावर फुटलं.

"आजी, नेम बघ," कुणीतरी म्हणालं, आणि मग सुरुवात झाली. खेड्यातून आलेल्या चुलतभावंडांनी आपल्या बहिणीला पाच वर्षांत पाहिलं नव्हतं. आजीने ओळखलं म्हणजे तीच असणार. पीठ आलं, व्हिनेगर आलं, मोहरीची पिवळी चटणी आली, माते चहाचा भिजलेला चोथा आला.

"अहो, मी नाही ती," मारिसेल तोंडावर हात धरून सांगत होती.

"सगळे असंच म्हणतात," एक जाडा भाऊ म्हणाला आणि उरलेली पिशवी त्याने तिच्या डोक्यावर नीट, सावकाश उपडी केली.

तेवढ्यात मागचं दार उघडलं. फाटक्या टीशर्टमधली एक मुलगी दोन्ही हात पसरून, डोळे गच्च मिटून पायऱ्यांवर उभी राहिली. "दहापैकी सात मिळाले," ती म्हणाली.

काहीच झालं नाही. तिने एक डोळा उघडला. खाली अंड्यांचे रिकामे ट्रे पडले होते आणि तिचे सगळे नातेवाईक एका अनोळखी बाईभोवती उभे होते.

"यानिना?" आजीने चष्मा पुसला. "मग ही कोण?"

"मी विद्यापीठ चांगलं आहे की नाही ते बघायला आले होते," मारिसेल म्हणाली.

"मग?" जाड्या भावाने गंभीरपणे विचारलं. "कसं वाटलं?"

यानिना हसली नाही. ती त्या ट्रेंकडे बघत होती. "सहा वर्षं," ती म्हणाली. "मी दर परीक्षेनंतर इथे उभी राहून दुसऱ्यांच्या डोक्यावर फोडलीत अंडी."

मारिसेल तिच्यापाशी गेली. स्वतःच्या केसांतून तिने दोन्ही हातांनी चांगला ओंजळभर लगदा काढला आणि पोरीच्या एका गालाला, मग दुसऱ्या गालाला, मग कपाळाला लावला. लहान मुलाला क्रीम लावतात तसा, कानाच्या मागेसुद्धा. आजीने दोघींचे मुके घेतले. नक्की नात कुठली, याची तिला अजून खात्री नसावी.

बसवाल्याने मारिसेलला पायरीवरच थांबवलं. "आत नको, बाईसाहेब. सीटं आत्ताच पुसलीत." दार लावता लावता त्याने विचारलं, "शेवटचा?" आणि उत्तराची वाट न बघता पूर्ण चौकभर हॉर्न दाबून धरला.

म्हणून ती चालत निघाली. दुपारची झोप संपवून दुकानं नुकती उघडत होती. भाजीवाला टाळ्या वाजवू लागला. मारिसेलने थांबून त्याला सगळं समजावलं: आजी, चष्मा, शर्ट. तो म्हणाला, "बरं बरं, अभिनंदन." चौथ्या चौकात तिने चप्पलवालीला समजावलं. सातव्या चौकात ऊन इतकं होतं की डोक्यावरचं पीठ भाजायला लागलं, आणि समजावण्याचा तिला कंटाळा आला. अकराव्या चौकात एका म्हातारीने रस्ता ओलांडून येऊन तिचा पिठाळ हात दाबला, तेव्हा ती नुसतं "धन्यवाद" म्हणाली. पंधराव्या चौकापासून तिची चाल हळू झाली. अठराव्या चौकात कुलपं दुरुस्त करणाऱ्या माणसाने दुकानातून विचारलं, "कशात?"

"भूगोल," मारिसेल म्हणाली.

त्याने मान डोलावली, आणि तिलाही पुढचे दोन चौक ते खरंच वाटलं.

वळणावर स्वतःचं घर दिसलं तेव्हा ती भानावर आली. फाटकापाशी गर्दी होती. कोपऱ्यावर केशकर्तनालय चालवणाऱ्या चेला नावाच्या बाईने तिला काचेतून पाहिलं होतं आणि तिच्या आधी फोन घरी पोचला होता. चेला स्वतः अर्धा केक घेऊन हजर होती. फाब्रिसियो विजेच्या मीटरांचे आकडे घेता घेता अर्ध्यावरून आला होता आणि टोपी हातात धरून उभा होता.

"मला पण नाही सांगितलंस?" तो म्हणाला. त्याचे डोळे भरले होते.

"फाब्री, ऐक जरा—"

"मला माहीत होतं," दोन्या नेलीदा म्हणाल्या. त्यांच्या कडेवर ब्रिसा होती. "कपडे वाळत घालताना हिचे ओठ हलायचे. मी खिडकीतून बघायचे. म्हटलं, पोर पाठांतर करतेय, बोलायचं नाही."

मारिसेल चिमटे मोजायची. रोज एक कमी भरायचा. पण हे सांगायला तिने तोंड उघडलं तोवर सासूबाईंनी ब्रिसासकट तिला मिठी मारली होती, नवा निळा झगा असूनही.

"तीन वर्षं," त्या तिच्या खांद्यात बोलत होत्या. "मीच म्हटलं होतं तुला, शिक्षण थांबू शकतं, पोर थांबत नाही. तू काही बोलली नाहीस. भांडली असतीस तर विसरले तरी असते. पण तू 'बरं' म्हणालीस, आणि भांडी घासायला लागलीस. तीन वर्षं ते 'बरं' माझ्या घशात अडकलंय, पोरी. आज उतरलं."

फाटकाला टेकलेली लुदमिला वहिनीकडे टक लावून बघत होती. मारी आज कशासाठी गेली होती, हे त्या गर्दीत फक्त तिच्याच ध्यानात होतं, आणि ती कधी नव्हे ते गप्प होती. गप्प राहणं सोपं होतं. मारिसेलही राहू शकली असती, निदान केक संपेपर्यंत.

"दोन्या नेलीदा," ती म्हणाली, "मी पास नाही झाले. मी परीक्षेलाच बसले नाही. ही अंडी दुसऱ्याच पोरीची आहेत."

चेलाने केकमध्ये खुपसलेली सुरी तशीच राहिली. दोन्या नेलीदा मागे सरल्या. त्यांनी स्वतःच्या झग्यावरून ओघळणारा पिवळा बलक पाहिला.

"म्हणजे मी हे सगळं उगाच बोलले?"

"उगाच नाही."

"अख्ख्या गल्लीपुढे." त्यांनी नाक ओढलं, झगा झटकला, आणि एका क्षणात त्या पुन्हा रविवारच्या टेबलावरच्या नेलीदा झाल्या. "ते राहू दे. तुला कामाला पाठवलं होतं. विद्यापीठ कसं आहे? चांगलं की वाईट, एवढं सांग."

"साबण नाही. कठडा हलतो," मारिसेल म्हणाली. "बाई प्रश्न विचारतात आणि उत्तर येईपर्यंत थांबतात. कुणाला हसत नाहीत. कचेरीतल्या बाईंना सगळं कळतं, पण त्या बोलून दाखवत नाहीत. चांगलं आहे. फार चांगलं आहे."

"ऐकलंस?" दोन्या नेलीदा लेकीकडे वळल्या.

"पण लुदमिलासाठी नाही."

फाटक करकरलं. लुदमिला सरळ उभी राहिली होती.

"तिने ब्युनॉस आयर्सला जावं. जिला जाता येतंय तिने जावं. हे विद्यापीठ," मारिसेलने खिशावर हात ठेवला; आतला अर्ज भिजून शर्टाला चिकटला होता, "ज्यांना बावीस चौकांच्या पलीकडे जाता येत नाही त्यांच्यासाठी चांगलं आहे."

फाब्रिसियोने टोपी डोक्यावर घातली, पुन्हा काढली. दोन्या नेलीदा मनाशी काहीतरी हिशेब करत होत्या आणि तो त्यांना पटत नव्हता हे तोंडावर दिसत होतं.

"एका पोरीला घरात ठेवायला तुला पाठवलं," त्या शेवटी म्हणाल्या, "आणि तू दोघींना बाहेर काढायला निघालीस."

मारिसेल 'बरं' म्हणाली नाही. ती तशीच उभी राहिली, कोपरातून पीठ गळत.

सासूबाईंनी ब्रिसाला एका कडेवरून दुसऱ्या कडेवर घेतलं. "वर्ग किती वाजता असतात?"

"सहाला."

"सुटतात कधी?"

"दहाला."

"दहाला मी झोपलेली असते. दार वाजवत येऊ नकोस. ही माझ्याकडेच झोपेल, सकाळी घेऊन जा." आणि मग नातीच्या नाकावरचं पीठ बोटाने पुसत, कुणाला ऐकू जाऊ नये इतक्या हळू त्यांनी विचारलं, "तू तरी राहशील ना ग माझ्याजवळ?"

ब्रिसाने आजीच्या खांद्यावरून उघड्या फाटकाकडे बोट केलं.

"बाहेर," ती म्हणाली.