सौजन्य: हितेंद्रशेठ

लालबागच्या आमच्या मंडळाकडे एक रुग्णवाहिका आहे. परळचे इस्पितळ आमच्या गल्लीपासून इतके जवळ, की धडधाकट माणूस चालत लवकर पोहोचतो. रुग्णवाहिकेतून मात्र फक्त आजारी माणसे जात असल्याने त्यांना वेळ लागतो. मागच्या खेपेला शेवंती आजींच्या छातीत कळ आली तेव्हा गाडी पुलाखाली अडकली आणि म्हातारी जेमतेम वाचली. पुढची कळ इतकी थांबायची नाही, असे डॉक्टरांनी स्पष्ट सांगितले. मंडळाने या प्रकाराची गंभीर दखल घेतली, म्हणजे सभा बोलावली. मी चिटणीस असल्याने ही हकीकत जबाबदारीने सांगत आहे.

आजींची नात दर्शना कॉलेजात अँटेना शिकवते. तिने सभेत साबणाच्या वडीएवढी एक अँटेना टेबलावर ठेवली. ही रुग्णवाहिकेच्या टपावर बसवली की पुढच्या गाड्यांमधल्या स्क्रीनवर सूचना उमटेल: ‘रुग्णवाहिका येत आहे, वाट द्या.’ इस्पितळाशी बोलणे, नकाशा, फोन, सगळ्यांच्या लहरी ही एकटीच सांभाळेल. एरवी टपावर अँटेनाच्या चार दांड्या लागल्या असत्या.

“चार?” खर्च उचलणारे हितेंद्रशेठ हळहळले. “मग चारच घ्या ना. एवढीशी वस्तू, हिच्यावर आमचं नाव कुठे घालणार?”

“काका, ती लहान आहे यातच सगळी मेहनत आहे.”

“अगं, आपण ट्यूबलाइटवर लिहितो, पंख्याच्या पात्यावर लिहितो,” अध्यक्ष नानांनी तिची समजूत काढली. “दात्याचं नाव नको म्हणून कसं चालेल?”

त्यानुसार अँटेनावर ‘सौजन्य: हितेंद्रशेठ’ असा स्टीलचा पत्रा बसवण्यात आला. नारळ फुटला, फोटो निघाले. मग चाचणी झाली, तेव्हा सूचना शेजारी उभ्या केलेल्या गाडीतही पोहोचली नाही. पत्र्याखाली लहर कोंडते, असे दर्शनाचे म्हणणे पडले.

“मग पत्रा काढा,” ती म्हणाली.

“उद्घाटन झालेली वस्तू काढता येत नाही, बाळा,” नाना म्हणाले.

दुसरी कोणी असती तर नाद सोडला असता. पण हिच्या घरात आजी होती. तिने दोन दिवस विचार करून तोडगा आणला. पत्रा राहू दे, फक्त अक्षरे आरपार कापा. फटीतून लहर बाहेर पडते. लांब फटीतून एक, आखूड फटीतून दुसरी. मग पत्राच अँटेना होईल. अडचण एवढीच, की हितेंद्रशेठांचे नाव तोकडे पडते आणि सगळ्या लहरी त्यात मावत नाहीत.

नानांनी खुर्ची पुढे ओढली. “म्हणजे आणखी नावं घातली तर?”

“लहरींचा पट्टा रुंदावेल,” दर्शना खोटे बोलू शकली नाही.

विज्ञानाचे इतके मनापासून स्वागत मी आमच्या सभेत पाहिलेले नाही. अध्यक्ष आले, खजिनदार आले, मार्गदर्शक, आश्रयदाते आणि समस्त शुभेच्छुक आले. काही लहरींना बारीक अक्षरे लागतात, म्हणून तळाशी माझे नाव गेले. मला त्याचे काही नाही. पत्रा वाढत वाढत अख्खा टप झाला आणि शुभेच्छुकांचा फलक बाजूच्या दारावर उतरला. साबणाची वडी दर्शनाने पर्समध्ये टाकली. मला तिचे वाईट वाटले. अँटेना मात्र उत्तम चालू लागली.

आणि आजींना कळ आली. चालक बुद्धभूषणने गाडी काढली, दर्शना आजींचा हात धरून बसली, मीही चढलो. सूचना थेट दादरपर्यंत गेली असावी. पुढच्या गाड्या निमूट डावीकडे सरकू लागल्या. दर्शनाचे डोळे भरून आले. आम्ही पुढे गेलो, की सरकलेली प्रत्येक गाडी आमच्या मागे लागत होती. मोकळा रस्ता कुठून जाणार आहे, हे आता सर्वांना आधीच कळत होते.

आजींनी मागच्या काचेतून पाहिले. “गो दर्शना, मी मेलंय काय?”

“नाय गो आजी.”

“मग ही येवढी माणसां मागसून कित्याक येतत?”

इस्पितळाच्या फाटकाशी आम्ही विक्रमी वेळेत पोहोचलो. पण मागचे दार उघडेना. मागची गाडी दाराला चिकटून उभी होती. बाजूचे दार शुभेच्छुकांच्या फलकाखाली केव्हाच बंद झालेले. बुद्धभूषणने उतरून हात जोडले. “साहेब, जरा मागे घ्या ना. पेशंट आहे आत.”

“मी कुठे जाऊ? मागच्याला सांगा,” साहेब म्हणाले. मागच्यानेही तेच सांगितले, आणि त्याच्या मागच्यानेही.

दर्शना रडत होती. शेवटी आजींना चालकाच्या दारातून ओढून काढले. त्या वाचल्या, पण थोडक्यात. डॉक्टर म्हणाले, पाच मिनिटे आधी आणायला हवे होते. पाच मिनिटे आधी आम्ही तिथेच होतो.

मंडळाने या प्रकाराचीही गंभीर दखल घेतली आहे. दाराला चिकटलेली ती पहिली गाडी तुमची होती, असा माझा मुळीच आरोप नाही. तुमची तिसरी होती. हॉर्न तुम्ही वाजवत होतात.